मामाला जड

निपाणीजवळ
१६ नोव्हेंबर २०२३

अण्णा,

तुझं पत्र पाडव्याला मिळालं. फोनवर काही सांगता येत नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडं फोन आला की हे स्पीकर लावतात, आणि सासूबाई, नणंद पूर्णिमा, शेजारच्या जयाबाई सगळ्या भोवती बसून ऐकतात. तुझ्या डोंगरावरच्या लष्करी चौकीवर तर रेंजच नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं.

साईराज दहा महिन्यांचा झाला. बारशाला तू बघितलास तेव्हा मुठीएवढं तोंड होतं, आता धरायला दोन माणसं लागतात. गुऱ्हाळ सुरू झालंय. रस उकळणाऱ्या काहिलीजवळ नेलं की गुळव्या आधी त्याच्या बोटाला काकवी लावतो. बाटलीतल्या दुधातही सासूबाई काकवीच घालतात, साखरेचा दाणा नाही. बाटली तोंडात धरूनच झोपतो, रात्री तर सोडतच नाही. बाळसं असं धरलंय की मी रोज दृष्ट काढते.

एक सांगायचं होतं. डिसेंबरात तुला सुट्टी आहे ना, तर या खेपेला इकडं येऊ नकोस. गुऱ्हाळाची माणसं घरात जेवायला असतात, बसायला जागा नसते. मलाही माहेरी यायला जमणार नाही. आईला सांग, रुसू नको म्हणावं. तूही रुसू नकोस. पुढच्या सुट्टीचं पुढं बघू.

तुझी
सुवर्णा

---

पोस्टवरून
१४ जानेवारी २०२४

सुवर्णे,

संक्रांतीचा तिळगूळ कागदावरच घे. गोड बोल म्हणत नाही, कारण मी स्वतः आज गोड बोलणार नाही.

वीस दिवस काकतीजवळ आपल्या घरी होतो. तिथून तुझं गाव दीड तासाची वाट. गाडी दारात उभी, तिच्यात पेट्रोल, आणि भाच्यासाठी घेतलेले घुंगरांचे वाळे माझ्या बॅगेत. तरी बहीण ये म्हणाली नाही म्हणून घरी बसून राहिलो. शेवटच्या दिवशी बॅग भरताना आईच्या तोंडून निसटलं, "पोराचं वरचं दात आधी आल्यात रं. मामाला जड असतंय. दात पडंपर्यंत मामानं पोराचं तोंड बघायचं न्हाय, असं तिच्या सासूनं सांगितलंय."

म्हणजे जागा नाही ते सगळं खोटं. तुमच्या अंगणात दोन ट्रॅक्टर वळतात आणि माझ्यापुरतं घोंगडं पसरायला जागा नव्हती होय?

मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. पाठीवर पंचवीस किलो घेऊन मी रोज चढण चढतो. त्यात दोन दातांचं वजन वाढलं तर मला कळायचंही नाही. दुधाचे दात सहा-सात वर्षांनी पडतात. तोवर भाच्याला बघू नको? हे मी ऐकणार नाही, तुला आत्ताच सांगून ठेवतो. पुढच्या सुट्टीला कुणाला न विचारता येणार. तोवर फोटो पाठव. हसतानाचा, दात दिसतील असा.

अण्णा

---

निपाणीजवळ
२० फेब्रुवारी २०२४

अण्णा,

खोटं बोलले, चुकले. पण कशासाठी ते तरी ऐक.

सासूबाईंना एक धाकटा भाऊ होता, रवळू नावाचा. आमच्या ह्यांचे वरचे दात आधी आले आणि त्याच पावसाळ्यात तो दूधगंगेच्या पुरात गेला. बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून सासूबाईंनी माहेरचा उंबरा बघितलेला नाही. हे मला पूर्णिमानं सांगितलं. सासूबाई स्वतः त्याचं नावही काढत नाहीत. साईराजचा पहिला दात वरून आला तेव्हा त्यांच्या हातातली वाटी खाली पडली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

तू हसशील. पण तू बँकेत कारकून असतास तर मीही हसले असते. तू कुठं उभा असतोस ते टीव्हीवर बर्फ दिसला की मला आठवतं. एकच भाऊ आहे मला, आणि त्याच्या जिवावर पैज लावायची मला हौस नाही.

आता चांगली बातमी. दात आपोआप चाललेत. आधी हिरडीला लागून पांढरी रेघ उठली, खडूनं ओढावी तशी. आता तिथं तपकिरी झालंय आणि एका दाताची कड झिजलीय. सासूबाई रोज ओठ उचलून बघतात नि म्हणतात, "इरघळाय लागल्यात. तुझ्या भावावरचं उतराय लागलंय." ऐकून मला रडूच आलं, सुखाचं. अंबाबाईला नारळ बोललेय. दुपारचीही बाटली सुरू केलीय, म्हणजे नीट झोपतो आणि मला कामं उरकता येतात.

फोटो पाठवतेय, पण तोंड मिटलेला. तेवढं माझं ऐक.

सुवर्णा

---

पोस्टवरून
१५ मार्च २०२४

सुवर्णे,

रेशनच्या गाडीबरोबर खाली गेलो होतो. जवानांचे दात तपासायला एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांना तुझं पत्र हिंदी करून वाचून दाखवलं. मामाला जड म्हटल्यावर त्या हसल्या. खडूच्या रेघेपाशी आलो तेव्हा हसायच्या थांबल्या.

दात विरघळत नाहीत. किडताहेत. ती पांढरी रेघ म्हणजे कीड दाराशी आल्याची पहिली खूण, आणि तपकिरी म्हणजे ती आत शिरली. बाटली तोंडात धरून पोर झोपलं की लाळ कमी होते आणि ते दूध नि काकवी तासन्‌तास दातांवर बसून राहतात. खालच्या दातांना जीभ झाकते, म्हणून मार वरच्यांना बसतो. तुमच्या घरात ज्याला अपशकुन उतरणं म्हणतात ते काम तुमची बाटली करतेय. आणि काकवी काय, गूळ काय, मध काय, किडीला सगळं सारखंच. साखर घालत नाही म्हणून फुशारकी मारू नका.

दुधाचे दात पडायचेच आहेत, असंही म्हणू नकोस. मीही तेच म्हणालो तर मॅडमनी मला झाडलं. कीड मुळाशी गेली की पू होतो, ताप येतो, पोर भाकरीला तोंड लावत नाही, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातालाही धक्का बसू शकतो.

आता मी सांगतो ते कर, आणि कुणाला विचारत बसू नकोस. निजताना बाटली बंद. सव्वा वर्षाचा झालाय, दूध भांड्यानं प्यायला शिकव, त्यात काकवी नाही. सकाळी आणि रात्री मऊ ब्रशनं दात घासायचे, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, फ्लोराइडची. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. तुमच्या कुणाच्या तोंडातला चमचा त्याच्या तोंडात घालू नका, आपल्या तोंडातली कीड त्यानंच पोराकडं जाते म्हणे. आणि दातांच्या डॉक्टरकडं ने, याच महिन्यात. खरं तर वर्षाच्या आतच दाखवायला हवं होतं.

तू मला वाचवायला त्याचे दात घालवतेयस. मला असला बचाव नको. अंबाबाईला बोललेला नारळ फोडून चटणी कर.

अण्णा

---

निपाणीजवळ
६ मे २०२४

अण्णा,

तू दवाखान्यात आहेस आणि मी हे लिहितेय. पाय कसा आहे? फोनवर तू "किरकोळ" म्हणालास. नडगीच्या हाडात सळई घातली ती किरकोळ? सगळं घर ऐकत होतं म्हणून मला काही विचारताही आलं नाही.

सगळं सांगते. तुझं पत्र आल्या दिवशी मी बाटली लपवली. तीन रात्री साईराज रडला, आणि त्याच्या वरताण सासूबाई. "गुऱ्हाळवाल्याच्या घरातलं पोर काकवीला म्हाग हुईल व्हय गं? गुळानं कुणाचं दात किडल्यात?" मी म्हटलं, याचेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. चौथ्या रात्री तो पाणी पिऊन झोपला. मग रोज मांडीवर आडवा घेऊन दात घासायला लागले. पूर्णिमा गाणं म्हणायची, मी घासायची.

मग पूर्णिमाला घेऊन निपाणीला डॉक्टर दिपालींकडं गेले. सासूबाईंना सांगितलं, ब्लाउजचं कापड आणायला जातोय. डॉक्टरांनी वरचा ओठ उचलून बघितलं. म्हणाल्या, चार दातांपैकी एकाला नुसती पांढरी रेघ आहे, तो वाचेल. दोन तपकिरी झालेत, त्यांना चांदी असलेलं औषध लावू. कीड थांबते, पण कीड लागलेली जागा कायमची काळी होते. चौथा आत कुठवर गेलाय ते बघावं लागेल. "दिसायला काळे, पण सहा वर्षांचा होईपर्यंत टिकतील," असं म्हणाल्या आणि शुक्रवारी बोलावलं.

शुक्रवारी आम्ही दवाखान्याच्या पायरीवर होतो आणि ह्यांचा फोन आला. तू बर्फावरून घसरलास, शुद्धीवर नाहीस, एवढंच त्यांना कळलं होतं. अण्णा, मी त्याच पायरीवर बसले. दात टिकवायला निघाले आणि तू पडलास. मी माघारी फिरले. घरी सासूबाईंनी नुसती बाटली भरून माझ्या हातात दिली. मी ती साईराजच्या तोंडात दिली.

यावर आता काही लिहू नकोस. मला माहितेय तू काय म्हणशील. तुझं म्हणणं खरं असलं तरी मला ते नको. मला तू हवास.

सुवर्णा

---

लष्करी दवाखाना
२८ मे २०२४

सुवर्णे,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून दोन पत्रं लिहितोय. एक तुला, आणि सोबतच्या पाकिटातलं तुझ्या सासूबाईंना. ते त्यांना वाचून दाखव.

मी का पडलो ते ऐक. बुटाला लावायचे खिळे आळसानं लावले नव्हते. त्या आठवड्यात त्याच उतारावर आम्ही चौघं घसरलो. एकाचा भाचा मिसरूड फुटलेला आहे. एकाला बहीणच नाही. त्याला कुणाच्या दातांनी पाडलं, ते तुझ्या सासूबाईंनाच विचार.

तू बाटली परत दिलीस हे वाचून पायापेक्षा जास्त दुखलं. चीड तुझी नाही आली, माझीच आली. माझ्या नावानं एका पोराच्या तोंडात कीड घालतायत आणि मी इथं पाय टांगून पडलोय. मला विचारायचं तरी होतंस.

अण्णा

---

लष्करी दवाखाना
२८ मे २०२४

ती. मालुबाई मावशींना बसवंतचा नमस्कार.

मावशी, तुमचा मान राखून लिहितो, पण लिहितो स्पष्ट.

साईराजचे दात मामाला जड, असं तुम्ही म्हणता. घटकाभर धरून चालू. मग ते ओझं माझं झालं की नाही? ज्याच्या डोक्यावर ओझं, त्यानं ठरवायचं ते ठेवायचं की टाकायचं. मी ठरवलंय. ते दात राहू देत. एकेक दात राहू दे. त्यापायी मला जे व्हायचं ते होईल, त्याचा दोष सुवर्णाला नाही, तुम्हाला नाही आणि त्या लेकराला तर नाहीच नाही. हे मी सही करून देतो.

पण माझं नाव पुढं करून त्याच्या तोंडात काकवीची बाटली द्यायची असेल, तर ते मला मान्य नाही. मी देशाचं रक्षण करतो म्हणून तुम्ही गावात सांगता. स्वतःच्या भाच्याचे चार दात राखता आले नाहीत तर त्याचा काय उपयोग?

बसवंत

---

निपाणीजवळ
१४ जून २०२४

बसवंता,

मालुबाईचा आशीर्वाद. मी बोलतीया आन पूर्णी लिवतीया.

तुझं पत्र ऐकलं. लई शाना झालास. सही करून देतोस व्हय? मरणाला सही लागत न्हाय रं. ते इचारून येत न्हाय.

माझा रवळू तुझ्याएवढाच हुता. असाच छाती काढून बोलायचा. माझ्या महादेवाचं दात वरनं आलं आन तो नदीनं नेला. तिसऱ्या दिशी सापडला. त्याची बायको माझ्या अंगावर धावून आली. म्हणाली, तुझ्या पोरानं माझं कुकू पुसलं, परत हितं पाय ठेवू नगं. आईबी तिच्या मागं हुबी हुती. तवापासनं मला म्हायेर न्हाय. आई गेली तवा मी गावाच्या येशीवरनं बघून माघारी आले.

तुझी भन मला सून हाय, वैरी न्हाय. तिचं म्हायेर मी बंद हुऊ द्यायची न्हाय. पोराचं चार दात गेलं तर परत येत्यात. भाऊ येत न्हाय. तुला काय म्हणायचं ते म्हण, मी हाय तवर बाटली बंद हुणार न्हाय. गप औषध घे आन पाय बरा कर.

मालुबाई

(दादा, आईनं सांगितलं तसंच लिहिलंय. माझं मत असं नाही. बाटलीत मी हळूच नुसतं पाणी भरते, पण दर वेळी जमत नाही. — पूर्णिमा)

---

निपाणीजवळ
२० जुलै २०२४

अण्णा,

तू पत्राची वाट बघत असशील. मला लिहायला धीर होत नव्हता, आता आलाय.

तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी सकाळी साईराज उठला तो वरचा ओठ सुजलेला. अंग तापलेलं, भाकरी नाही, पाणी नाही. ओठ उचलला तर हिरडीवर पिवळा फोड. सासूबाई म्हणाल्या, "दात सुटाय लागलाय, दोन दीस कळ काढ." कुणी कळ काढायची? दीड वर्षाच्या पोरानं?

मी त्याला काखेत मारलं आणि निघाले. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाल्या, "भाऊ पायजे का दात पायजेत, ते सांग आन मग जा."

मी म्हटलं, "दोन्ही पायजेत."

अण्णा, एवढंच म्हटलं आणि त्यांच्या खांद्याला खांदा घासून बाहेर पडले. बस धरायची म्हणून पळतेय तर मागून गाडीचा आवाज. हे. एवढ्या महिन्यांत या माणसानं दातांवरून कुणाची बाजू घेतली नव्हती. नुसतं "बस" म्हणाले.

डॉक्टर दिपाली मला बोलल्या, खूप बोलल्या. एप्रिलमध्येच आला असता तर हा दात वाचवायचा काही इलाज केला असता, म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकलं, कारण खरं होतं. फोडाचा दात काढावाच लागला. ह्यांनी त्याचे हात धरले, मी डोकं धरलं. तो ओरडला ते माझ्या कानातून अजून जात नाही. ताप उतरल्यावर परत नेला आणि दोन दातांना ते चांदीचं औषध लावलं, पांढऱ्या रेघेच्या दाताला नुसता लेप. आता ते दोन्ही दात तव्यासारखे काळे झालेत. तीन महिन्यांनी परत दाखवायचंय.

बाटली मी चुलीत घातली. सगळ्यांसमोर. प्लॅस्टिकचा वास घरभर झाला होता.

गावातली पोरं त्याला काळदात्या म्हणतात. कुणी विचारलं की मी स्वतःच त्याचा ओठ उचलून दाखवते आणि सांगते, बाटलीनं झालं, माझ्या हातानं झालं, तुमच्या पोरांचे ओठ उचलून बघा. परवा दोघींनी बघितले. एकीच्या पोरीला खडूची रेघ निघाली.

सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. नातवाशी बोलतात.

फोटो पाठवतेय. तोंड उघडं आहे, दात दिसतात. मनात भीती आहेच, ती गेली म्हणणार नाही. तरी पाठवतेय. बघ.

सुवर्णा

---

लष्करी दवाखाना
८ ऑगस्ट २०२४

सुवर्णे,

बघितले. वरचे तीनही दात नीट मोजून बघितले. शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांना दाखवले. तो हसतोय अगदी आपल्या आप्पांसारखा, एक दात कमी.

फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझं प्लास्टर निघालं. त्याचा दातांशी काही संबंध नाही, जसा पडण्याचा नव्हता. आता काठी घेऊन चालतो. गणपतीला महिन्याची सुट्टी मिळेल असं म्हणतात.

दात काढताना त्याला धरलंस, हे वाचून मला पुढचं वाचता येईना. मी तुला इथून हुकूम सोडत होतो, आणि तिथं ते पोर धरून बसायचं तुला होतं. माझ्या तोंडची बडबड सोपी, तुझं काम अवघड. तू माझ्यापेक्षा शूर आहेस, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

एक विचारतो. मी थेट तुमच्या घरी यावं, असं माझ्या मनात आहे. भांडायला नाही. पण मावशींनी दार लावलं तर मी ढकलून आत येणार नाही, अंगणातून परत जाईन. त्यांच्या भावाचं ऐकल्यापासून माझा आवाज जरा खाली आलाय. निश्चय तोच आहे. काय करू ते कळव.

अण्णा

---

निपाणीजवळ
२४ ऑगस्ट २०२४

बसवंता,

सुवर्णाला इचारलंस, उत्तर मी देतीया. पूर्णीला सांगून ठेवलंय, जे बोलंन ते लिवायचं, मधी तोंड घालायचं न्हाय.

शेजारच्या जयाबाईची लेक जयवंता पोरीला घेऊन म्हायेरी आलीया. तिच्या पोरीचं दात धा दिसांमागं आलं, वरनं. जयाबाई माझ्याकडं पळत आली. गावात ह्या दुखण्याची वैद मीच न्हवं का. म्हणाली, "मालुबाई, नागोजीला काय करू? आठ दीस झालं त्याला गोठ्यात निजवतीया." नागोजी म्हंजी तिचा ल्योक, त्या पोरीचा मामा. मी बघाय गेले. तो बैलांच्या शेजारी बसून ताटात जेवत हुता. मला बघून हसला आन म्हणाला, "मावशी, किती वर्सं बसू हितं?"

मी तशीच माघारी फिरले. घरी आले तर अन्न ग्वाड लागंना.

आता जे सांगतीया ते बत्तीस वर्सं कुणाला सांगितलं न्हाय. महादेवाच्या बापालाबी न्हाय.

पुराच्या आधी चार दीस रवळू आलता. भाच्यासाठी कुंची आणलीती, हिरवी, गोंड्याची. मी त्याला बघितला आन दाराची कडी घातली. आतनंच म्हटलं, दात पडल्याबिगर येऊ नगंस. तो अंगणात हुबा राहिला. म्हणाला, "आक्का, नुसतं लांबनं बघतो की." मी न्हाय उघडलं. लई येळ हुबा हुता. मग कुंची कडीला अडकवली आन गेला. चार दिसानं नदीवरची मोटार काढाय पाण्यात उतारला.

त्यानं ते दात बघितलेच न्हाईत, बसवंता. मी दाखवलेच न्हाईत. तरी गेला.

लोकं म्हणाली, भाच्याच्या दातांनी मामा खाल्ला. मी म्हणू दिलं. म्हायेर तुटलं तरी म्हणू दिलं. न्हायतर मला म्हणाय लागलं असतं, पाणी प्यायला बी न देता भावाला दारातनं घालवला. दातांवर घातलं आन मी सुटले. पर सुटले न्हाय. आन परत नातवाच्या तोंडाला तेच केलं. त्याचा एक दात माझ्या हट्टानं गेला, हे मी सुवर्णाला काल तोंडानं सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मला वाटलंतं भांडंल.

पूर्णी रडतीया. तिला म्हटलं, डोळं पूस आन लिही.

आज सकाळी जयाबाईच्या गोठ्यात गेले आन नागोजीला हाताला धरून घरात आणला. जयाबाई किंचाळली, मी ऐकलं न्हाय. पोरगी त्याच्या मांडीवर दिली, हातात ओलं फडकं दिलं आन म्हटलं, "मामा हाईस न्हवं? मग तिचं दात तूच पुस पैल्यांदा." त्यानं फडकं बोटाला गुंडाळलं. पोरीनं त्याचं बोट चावलं. सगळी हसली, जयाबाई बी. तिला सांगून आले, बाटलीत काकवी दिसली तर माझ्याशी गाठ हाय.

तू दार ढकलणार न्हाय म्हणालास. ढकलायचं कामच न्हाय. गणपतीला थेट हिकडं ये, मधी कुठं थांबू नगं. तू आलास की लोकं बघत्याल, बघू देत. कुणी काय बोललं तर त्याला मी बघते.

आधी भाच्याचं तोंड बघ. मग पाय धू.

मालुबाई